सालारजंग : वऱ्हाडच्या कापसासाठी झुरलेला दिवाण

हैदराबादला जाणारा गोमंतकीय प्रवासी चारमिनार पाहतो, गोवळकोंडा पाहतो आणि वेळ उरल्यास मुसी नदीच्या काठावरील सालारजंग संग्रहालयात डोकावतो. तेथे एका शुभ्र संगमरवरी पुतळ्यापुढे नेहमी गर्दी असते. इटालियन शिल्पकार बेन्झोनी याने घडवलेली ही रेबेका तोंडावर पातळ पडदा घेऊन उभी आहे, आणि तो पडदाही दगडाचाच आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. संग्रहालयातील बहुतेक वस्तू तिसऱ्या सालारजंगांनी जमवल्या. हा पुतळा मात्र त्यांच्या आजोबांनी, पहिल्या सालारजंगांनी, १८७६ मध्ये रोम येथे विकत घेतला.

आजोबा त्या वर्षी युरोपात गेले होते ते पुतळे घेण्यासाठी नव्हे. त्यांना वऱ्हाड परत हवे होते. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या काळ्या मातीच्या मुलखात पिकणारा कापूस तेव्हा मुंबईच्या बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांकडे जात होता. तो मुलूख निजामाच्या मालकीचा आणि कारभार इंग्रजांचा, अशी विलक्षण अवस्था होती. रेबेका हैदराबादला आली. वऱ्हाड आले नाही. शेतीवर जगणाऱ्या राज्याच्या हातून त्याचे निर्यातीचे पीक निसटले म्हणजे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर या दिवाणाचे चरित्र पाहावे लागते.

चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी

मीर तुराब अली खान हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२९ चा. त्यांच्या घराण्याचे पूर्वज मदिनेहून विजापूरच्या आदिलशाहीत आले आणि पुढे निजामाच्या चाकरीत मोठ्या पदांना चढले. पणजोबा मीर आलम हे हैदराबादचे दिवाण होते. वडील लवकर वारल्याने तुराब अलींचे संगोपन आजोबा आणि चुलते सिराज-उल-मुल्क यांच्या छायेत झाले. विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांच्याकडे खम्मम भागातील तालुक्यांचा कारभार सोपवण्यात आला. तेथे वसूल कसा गोळा होतो, तो कोणाच्या घरी मुरतो आणि कुळाच्या पदरात काय उरते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. अमीर-उमरावांच्या मुलांना सहसा न मिळणारे हे शिक्षण त्यांना आयुष्यभर पुरले.

१८५३ चा मे महिना हैदराबादच्या इतिहासात काळा ठरला. राज्यात इंग्रजांच्या हुकमतीखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाच्या माथी होता आणि तो थकत थकत मोठा बोजा झाला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी त्या थकबाकीसाठी तगादा लावला. २१ मे रोजी झालेल्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या एवढ्या फौजेसाठी राज्याची सर्वांत सुपीक जमीन गेली. तह करणारे दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले. त्यांच्या जागी निजाम नासिरुद्दौला यांनी चोवीस वर्षांच्या पुतण्याला नेमले. चुलत्याच्या सहीने गेलेला मुलूख हा अशा रीतीने त्यांना वारशानेच मिळालेला प्रश्न होता.

मक्तेदारांच्या तावडीतील शेती

नव्या दिवाणांच्या हाती आलेला खजिना जवळजवळ रिकामा होता. मुलखाचा सारावसूल मक्त्याने दिला जाई. जो जास्त रकमेची बोली लावील त्याला जिल्हा मिळे, आणि मग तो मक्तेदार दिलेल्या पैशाच्या कितीतरी पट रयतेकडून उकळी. अरब आणि रोहिले जमातदार सावकारी करीत. कर्जापोटी तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे आणि शहरातील पेढीवाल्यांकडे गहाण पडले होते. पिकाचा वाटा धान्याच्या रूपाने घेतला जाई. खळ्यावर सरकारी माणूस येऊन मोजदाद करीपर्यंत शेतकऱ्याला आपल्याच राशीला हात लावता येत नसे. वाटेत ठिकठिकाणी जकातनाके. जहागीरदाराचा नाका वेगळा, तालुक्याचा वेगळा. लातूरचा किंवा नांदेडचा माल राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचता पोहोचता त्याच्या किमतीत एवढी भर पडे की दूरच्या बाजारात तो टिकणे कठीण होई.

सालारजंगांनी पहिले काम हाती घेतले ते गहाण तालुके सोडवण्याचे. सावकारांशी हिशेब करून, हप्ते बांधून, प्रसंगी धाक दाखवून त्यांनी एकेक तालुका सरकारात परत आणला. मक्तेदारी मोडून पगारी तालुकदार नेमले. १८६५ च्या सुमारास राज्याची जिल्हेवार नवी रचना झाली. ही जिलाबंदी म्हणून ओळखली जाते. जिल्ह्यावर तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार व तहसीलदार, आणि शिवाय न्याय, पोलीस, शिक्षण, बांधकाम अशी स्वतंत्र खाती उभी राहिली. धान्यरूप वाटा जाऊन रोख सारा आला. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि साराबंदी सुरू झाली. शेत कोणाचे, किती आणि सारा किती हे कागदावर आले. अनेक ठिकाणच्या खाजगी टांकसाळी बंद करून हैदराबादच्या एका टांकसाळीतून हाली सिक्का चालू झाला. मक्त्याने दिलेली जकातवसुली सरकारने स्वतःकडे घेतली आणि अंतर्गत नाक्यांचा जाच कमी होत गेला.

या सुधारणांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रोख सारा आला म्हणजे हप्त्याच्या तारखेला शेतकऱ्याच्या हातात नाणे असलेच पाहिजे. ते मिळवायचे तर माल विकायला हवा, आणि माल खपायला बाजार हवा, रस्ता हवा, दूरवरचे गिऱ्हाईक हवे. ते नसेल तर सुगीच्या दिवसांत भाव कोसळतो आणि शेतकरी सावकाराच्या दारात जातो. सालारजंगांच्या महसूल सुधारणेचे यश अशा रीतीने निर्यातीवर अवलंबून होते. आणि ज्या पिकाला जगाची मागणी होती, ते पीक सर्वाधिक पिकवणारा प्रांतच त्यांच्या हाती नव्हता.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात

वऱ्हाडच्या कापसाची ख्याती जुनी. एकेकाळी अमरावतीचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावांनी कलकत्त्याकडे. मुंबईची वाट पुढे उघडली. १८२५-२६ च्या हंगामात पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्याच्या पेढीने वऱ्हाडातून मुंबईला पहिला मोठा माल पाठवला असे नोंदले गेले आहे. घाटातून बैल उतरवीत, पावसाच्या आत बंदर गाठायचे, असा तो प्रवास होता. भिजलेला आणि धुळीने माखलेला कापूस भाव घेत नसे. म्हणून दाबून गठ्ठे बांधण्याची यंत्रे आली आणि खामगावसारख्या गावाचे नशीब पालटले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि साऱ्या इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. वऱ्हाडातील शेतकऱ्याने ज्वारीच्या वावरात कापूस पेरला. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या; पण वऱ्हाडच्या कापसाची जगाशी जुळलेली गाठ सुटली नाही. भुसावळहून निघालेली लोहमार्गाची शाखा १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसाच्या पेठांसाठी खामगाव आणि अमरावतीला स्वतंत्र फाटे काढण्यात आले. १८७० मध्ये खामगावच्या फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका बाजारगावासाठी व्हाइसरॉयने वाट वाकडी करावी, यातच त्या पिकाचे मोल दिसते.

हे सारे सालारजंग हैदराबादेत बसून पाहत होते. तहाचा अर्थ असा होता की वऱ्हाडच्या उत्पन्नातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागल्यावर उरलेली शिल्लक निजाम सरकारला मिळावी. कापसाच्या तेजीने उत्पन्न वाढले, तसा कारभाराचा खर्चही वाढला, आणि शिल्लक हैदराबादच्या अपेक्षेइतकी कधीच पोहोचली नाही. हिशेब इंग्रजांचा आणि तपासणीही इंग्रजांचीच. जमीन आपली, घाम आपल्या रयतेचा, पीक जगाच्या बाजारात, आणि राज्याच्या पदरात उरलेसुरले, हे शल्य त्यांना अखेरपर्यंत बोचत राहिले.

सत्तावन्न आणि त्याची किंमत

या शल्याला एका जुन्या निर्णयाची धार होती. १८५७ च्या मे महिन्यात नासिरुद्दौला वारले आणि अफजलुद्दौला गादीवर आले. उत्तरेत बंड पेटले होते आणि हैदराबादेतही लोकमत इंग्रजांविरुद्ध खवळले होते. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर चाल झाली. दिवाणांनी रेसिडेंटला आधीच सावध केले होते. हल्ला मोडून काढण्यात आला. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले, मौलवींना अंदमानात पाठवण्यात आले. दक्षिण शांत राहिली ती बऱ्याच अंशी सालारजंगांमुळे, असे इंग्रजांनीच मानले. हैदराबादच्या रस्त्यावर मात्र अनेकांनी त्यांना फितूर ठरवले. १८५९ मध्ये दरबारातून निघताना आणि १८६८ मध्ये पुन्हा त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. दोन्ही वेळा ते बचावले.

आजच्या नजरेने तुर्रेबाज खान हुतात्मा आहेत आणि दिवाणांची बाजू अवघड आहे. त्यांनी आपल्या राज्याचे अस्तित्व राखण्याचा हिशेब केला, आणि त्या हिशेबात स्वातंत्र्याचा लढा बसत नव्हता, हे झाकण्याचे कारण नाही. या सेवेचे फळ म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, शोरापूरचे संस्थान मिळाले आणि सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. कोणता प्रदेश परत द्यायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवताना कापसाचा विचार झाला नसेल असे मानणे कठीण आहे.

बंदर नसलेले राज्य

१८६९ मध्ये अफजलुद्दौला वारले. वारस महबूब अली खान तीन वर्षांचेही नव्हते. राज्याचा कारभार सालारजंग आणि शम्स-उल-उमरा या दोघांच्या सह-राजप्रतिनिधित्वाखाली आला. कर्तेपण अर्थातच दिवाणांकडे होते.

हैदराबादपुढे भूगोलाचीच अडचण होती. एवढे मोठे राज्य, पण समुद्रकिनारा नाही. १८०२ च्या व्यापारी तहाने मच्छलीपट्टण बंदराच्या वापराची सवलत मिळाली होती, तरी बंदर इंग्रजांचेच. राज्याचा कापूस, एरंडी, जवस, तीळ आणि धान्य बाहेर जायचे तर परक्या प्रदेशातून, आणि मीठही येणार ते परक्या प्रदेशातूनच. म्हणून लोहमार्ग हा या राज्याला बंदराच्या ठिकाणी होता. मुंबई-मद्रास मार्ग वाडीवरून गेल्यावर तेथून सिकंदराबादपर्यंत सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग निजाम सरकारच्या खर्चाने बांधण्यात आला आणि ऑक्टोबर १८७४ मध्ये गाडी धावू लागली. राजधानी मुंबईला जोडली गेली.

परंतु मार्गाची निवड बोलकी आहे. सिकंदराबादेत इंग्रजांची मोठी छावणी होती आणि तेथे फौज लवकर पोहोचावी ही त्यांची निकड होती. खर्च राज्याचा आणि सोय छावणीची, अशी टीका तेव्हापासून होत आली. राज्यातील उरलेला कापसाचा पट्टा, म्हणजे जालना, परभणी, नांदेड, या मार्गापासून दूरच राहिला. मनमाडहून गोदावरी खोऱ्यातून हैदराबादला जाणारा मार्ग १९०० च्या आसपास झाला, दिवाणांच्या मृत्यूनंतर सतराएक वर्षांनी. लातूरच्या मालाला बार्शीची पेठ गाडीवाटेने गाठावी लागे. बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचायला १९११ उजाडले. तोवर मराठवाड्याचा शेतकरी बैलगाडीच्या चाकावर आणि अडत्याच्या शब्दावर अवलंबून राहिला. निर्यातीचा लाभ पिकाला तर मिळतोच, पण वाटेलाही मिळतो; आणि वाट ज्याच्या हाती त्याचा वाटा मोठा असतो.

लंडनची वारी

वऱ्हाडसाठी सालारजंगांनी अर्जांमागून अर्ज केले. १८६६ मध्ये मागणी केली. १८७२ मध्ये सह-राजप्रतिनिधींच्या सहीने सविस्तर खलिता गेला. तहात मुलूख दिला तो केवळ फौजेच्या खर्चाच्या हमीसाठी. तेवढ्या खर्चाला पुरेल इतके व्याज देणारे भांडवल आम्ही तारण ठेवतो, मुलूख परत द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याच्या दृष्टीने तो भक्कम होता. कलकत्त्याने नकार दिला. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा नकार आला.

अखेर १८७६ च्या एप्रिलमध्ये ते स्वतः युरोपला निघाले. रोममध्ये इटलीचे राजे आणि पोप यांची भेट झाली. तेथेच रेबेकाची खरेदी झाली. पॅरिसमध्ये हॉटेलच्या जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. तशाच अवस्थेत, खुर्चीवरून उचलून नेले जात, ते इंग्लंडला पोहोचले. व्हिक्टोरिया राणीची भेट, ऑक्सफर्डची सन्माननीय पदवी, लंडन शहराचे नागरिकत्व, मेजवान्या आणि भाषणे यांत काही कमी पडले नाही. मूळ मागणीला मात्र होकार मिळाला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना या दिवाणांचा आग्रह उद्धटपणाचा वाटला. पुढे त्यांचे वजन कमी करण्यासाठी त्यांच्या मर्जीविरुद्ध नवा सह-राजप्रतिनिधी नेमला गेला. वऱ्हाडचा प्रश्न निजाम वयात आल्यावरच पाहू, असे भारतमंत्र्यांनी कळवले.

ते परतले तेव्हा दख्खनेवर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पसरला होता. राज्याचे दक्षिण आणि पश्चिम भाग, रायचूर, शोरापूर, नळदुर्ग, होरपळून निघाले. लोहमार्गाने बाहेरून धान्य आणता येते तसे ते भावाच्या ओढीने बाहेरही जाते, हा धडा त्या दुष्काळाने सगळ्या हिंदुस्थानला दिला. निर्यात शेतकऱ्याला पैसा देते. पण पैसा देणारे पीक आणि पोट भरणारे पीक यांचा तोल राखण्याचे काम सरकारचे. तोल राखायला अधिकार लागतो, आणि वऱ्हाडात तो अधिकार दिवाणांकडे नव्हता.

अधुरा हिशेब

फेब्रुवारी १८८३ च्या पहिल्या आठवड्यात जर्मन राजघराण्यातील एक पाहुणा हैदराबादेत आला होता. त्याच्यासोबत मीर आलम तलावावर सहल झाली. त्यानंतर लगेच दिवाणांना पटकीने गाठले आणि ८ फेब्रुवारी रोजी ते वारले. वय अवघे चोपन्न. एका दिवसात सगळे संपले म्हणून शहरात विषप्रयोगाच्याही वावड्या उठल्या. दायरा मीर मोमीन या दफनभूमीत घराण्याच्या कबरींशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. पुढच्याच वर्षी महबूब अली खान वयात आले. वऱ्हाडचा प्रश्न ज्या मुहूर्तावर उघडायचा होता तो आला, पण तो मांडणारा माणूस उरला नव्हता.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आले आणि नव्या करारावर सही झाली. वर्षाला २५ लाख रुपये घेऊन वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते राहिले. १९३६ मध्ये युवराजांना वऱ्हाडचे राजपुत्र ही पदवी मिळाली तेवढीच. कापूस कितीही पिकला, भाव कितीही चढला, तरी रक्कम ठरलेली.

बंदराची भूकही राहिली. १९४७ मध्ये इंग्रज जाऊ लागले तेव्हा निजामाच्या मुत्सद्द्यांनी पोर्तुगालशी गोव्याबाबत बोलणी चालवली होती. समुद्राला टेकण्याची ती धडपड राजकीय होती, आणि ती फसली हे आपल्या भाग्याचेच झाले. परंतु तिच्या तळाशी सालारजंगांच्या काळापासूनची अडचण होती. आपल्या मुरगाव बंदराला आणि त्याला जोडणाऱ्या लोहमार्गालाही घाटावरच्या कापसाची आणि धान्याची आशा धरूनच जन्म मिळाला होता, हे या ठिकाणी आठवावे. गोव्याकडे बंदर होते आणि मागे मुलूख लहान; हैदराबादकडे मुलूख मोठा आणि बंदर नाही.

हैदराबाद आज तेलंगणाची राजधानी आहे. त्या राज्यालाही किनारा नाही. तेथील तांदूळ २०२५ मध्ये फिलिपिन्सला निघाला तो आंध्रच्या काकीनाडा बंदरातून. वऱ्हाड महाराष्ट्रात आहे आणि तेथील कापूस उत्पादकाच्या हलाखीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. दिवाणांना हवा असलेला मुलूख परदेशी सत्तेच्या हातून सुटला, तरी पीक विकणाऱ्याच्या पदरात किंमतीचा किती भाग पडतो हा त्यांचा जुना प्रश्न सुटलेला नाही. काजूपासून आंब्यापर्यंत आपला माल परमुलखात पाठवू पाहणाऱ्या गोव्यालाही तो टाळता येणार नाही.

सालारजंगांनी मक्तेदार हटवले, शेत कागदावर आणले, रयतेला ठरावीक साऱ्याची हमी दिली. राज्याच्या सीमेच्या आत जे करणे शक्य होते ते त्यांनी बरेचसे केले. सीमेबाहेरच्या बाजारावर, वाटेवर आणि बंदरावर त्यांचा ताबा नव्हता. तेथे त्यांची कर्तबगारी थिटी पडली. मुसीकाठच्या संग्रहालयात रेबेका पाहताना प्रवाशाने क्षणभर थांबून एवढे ध्यानात घ्यावे, की तो पुतळा आणणारा माणूस युरोपला गेला होता तो काळ्या मातीतल्या पांढऱ्या पिकासाठी.